स्वतः आले : आमदारांच्या हजेरीचे लघुशास्त्र

१. विषयप्रवेश

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ ११ आहेत. दाट लग्नतिथीच्या दिवशी त्यांत एकूण लग्नं किती लागतात, याची मोजदाद कुणी केलेली नाही. मात्र त्यांतल्या बऱ्याच लग्नांत मांडवाच्या दाराशी एक माणूस फोन कानाला लावून उभा असतो, आणि कुणी नुसतं बघितलं तरी 'निघालेत' एवढं एकच क्रियापद उच्चारतो. कर्ता सांगावा लागत नाही. मराठीत कर्त्याचा इतका सर्वमान्य अध्याहार पावसाखेरीज दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही.

ज्यांची अशी वाट पाहिली जाते त्या आमदारांवरचं संशोधन आजवर पक्ष, जात, साखर आणि पाणी या चार विषयांतच आटोपलेलं आहे. हे चारही विषय मोठे आहेत, म्हणूनच प्रस्तुत लेखकाने ते सोडून दिले. उरलेल्या बारीकसारीक गोष्टी, म्हणजे टॉवेल, नारळ, पत्रिकेवरचं नाव, स्टेजवर घालवलेली मिनिटं, या आमच्या वाट्याला आल्या.

आमचं मुख्य प्रतिपादन असं. आमदाराला दोन हिशेब द्यावे लागतात. एक घरच्या पैशाचा : तो दर निवडणुकीला, शपथेवर, ठरलेल्या नमुन्यात. दुसरा लोकांच्या कार्यांतल्या हजेरीचा : तो रोज, शपथेविना, समोर येईल त्याला. पहिला हिशेब जगजाहीर होतो आणि कुणी वाचत नाही. दुसरा कुठेच जमा होत नाही, पण तो सगळ्या गावाला पाठ असतो.

२. कुटुंबविचार

पैशाच्या हिशेबाचं शास्त्रीय नाव 'नमुना २६'. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, उमेदवाराची मालमत्ता जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं ठरवलं. तेव्हापासून या कागदाचं युग सुरू होतं. त्यात आडवे रकाने असतात : स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त हिंदू कुटुंब, आणि मग अवलंबित १, अवलंबित २, अवलंबित ३. 'स्वतः' हा पहिला रकाना वाचकाने ध्यानात ठेवावा. प्रबंधाच्या उत्तरार्धात तो वेगळ्याच वहीत सापडणार आहे.

अवलंबितांचे रकाने बघितले की निवडणूक आयोगाला सोलापूरची कुटुंबव्यवस्था समजलेली नाही, हे उघड होतं. या जिल्ह्याने आपल्या पुढाऱ्यांना नावाने हाक मारण्याची प्रथा फार पूर्वीच मोडीत काढली. इथे कुणी मालक, कुणी बापू, कुणी दादा, कुणी ताई, कुणी आबा आणि एक मास्तर. एकदा माणसाला बापू म्हटलं की पोरीच्या लग्नाला त्याने यायचं असतं, आणि का आला नाही हे विचारायचा हक्क उरलेल्या सगळ्यांना मिळतो. 'माननीय विधानसभा सदस्य' लग्नाला आले नाहीत तर चालतं. बापू आले नाहीत तर दिसतं. तेव्हा अवलंबितांची खरी संख्या काही लाखांत भरते, आणि तेवढे रकाने कुठल्याही छापखान्यात मावणार नाहीत.

३. द्रव्यविचार

या कागदाला सोन्याचं वजन आणि किंमत दोन्ही लागतात. घराण्याची पाटली किती ग्रॅमची, हे सासूने सुनेला कधी सांगितलं नसेल. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला ते कळतं. हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, विमा, कुणाला उसने दिलेले पैसे, गट क्रमांकासह शेतजमीन, ती वडिलार्जित की स्वतः घेतलेली, आणि अंगावरचं कर्ज. दिवाळीच्या फराळाला जमलेले भाऊ एकमेकांना जे विचारायला धजत नाहीत, ते सगळं इथे शपथेवर येतं.

कागद कोरा सोडता येत नाही. रकाना रिकामा ठेवणं म्हणजे मतदाराचा हक्क डावलणं, असा निकाल २०१३ साली लागला. तेव्हापासून जिथे काही नाही तिथे 'निरंक' लिहावं लागतं. हा शब्द आम्हाला फार आवडतो. 'नाही' म्हटलं की गरिबी दिसते. 'निरंक' म्हटलं की वैराग्य दिसतं.

एप्रिल २०२४ मध्ये मात्र या शास्त्राला कलाटणी मिळाली. अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराने घरच्या जुन्या गाड्यांचा उल्लेख केला नाही, म्हणून त्यांची निवड रद्द करण्याची मागणी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. कपडे, चपला-बूट, भांडीकुंडी, लेखनसाहित्य, खुर्च्या-टेबलं अशी प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करण्याची गरज नाही. वस्तू एवढी मौल्यवान असेल की तिच्यावरून राहणीमान कळावं, तरच ती सांगावी, असं न्यायालयाने म्हटलं. या निकालाचा सोलापुरावर काय परिणाम झाला, हे अजून कुणी तपासलेलं नाही. आम्ही तपासलं. टॉवेल सुटले.

४. टॉवेलाचं परिभ्रमण

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. चादर थंडीत वापरतात. टॉवेल मात्र वापरण्यासाठी असतो हा परगावचा गैरसमज आहे. तो देण्यासाठी असतो.

त्याचं भ्रमण असं. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत तो मागावरून उतरतो. चाटी गल्लीतल्या नाहीतर नवी पेठेतल्या दुकानात त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढते. कुठल्या तरी वास्तुशांतीला तो टोपीसह आमदारांच्या हाती दिला जातो. आमदार तो एक क्षण छातीशी धरतात, फोटो निघतो, आणि तो डाव्या बाजूच्या कार्यकर्त्याकडे सरकतो. तिथून गाडीच्या डिकीत. दोन दिवसांनी दुसऱ्या वास्तुशांतीला यजमानाचा सत्कार करायची वेळ येते तेव्हा डिकी उघडते. टॉवेल पुन्हा छातीशी, पुन्हा फोटो, पुन्हा पिशवी. पाणी टिपण्याचा योग त्याच्या कुंडलीत नाही.

शाल आणि श्रीफळ हेही याच कक्षेत फिरतात. फरक इतकाच की नारळाला मर्यादित आयुष्य आहे, म्हणून त्याला लवकर देवळात मुक्ती मिळते. वर्षाअखेर आमदारांकडे टॉवेल किती, याचं एका स्वीय सहायकाने आम्हाला दिलेलं उत्तर तंतोतंत आहे : "आले तेवढे गेले, सर." हिशेबशास्त्रात याला ताळेबंद जुळणं म्हणतात.

५. पत्रिकाविचार

लग्नपत्रिका हा आमचा दुसरा पुरावा. पत्रिकेत देव वर, पूर्वज त्याखाली, वधूवर मधोमध, आणि 'प्रमुख उपस्थिती' या मथळ्याखाली तालुक्याची सत्तारचना असते. आजी आमदाराचं नाव आधी की खासदाराचं, माजी आमदार नगरसेवकाच्या वर की खाली, दोन विरोधी गटांची माणसं एका ओळीत की दोन ओळींत, यावर घरोघर ज्या बैठका होतात त्यांना लोकशाहीच्या इतिहासात जागा मिळायला हवी. नवरीच्या काकांना आपलं नाव 'निमंत्रक'मध्ये नाही हे कळतं ते यानंतर, आणि मग लग्नाचा खरा पेच सुरू होतो.

याच पत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते : 'आपली उपस्थिती हाच खरा आहेर.' ही ओळ नम्रतेपोटी लिहिली जाते आणि पाहुण्यांकडून नम्रतेनेच दुर्लक्षिली जाते. सगळे पाकीट आणतात. ती ओळ शब्दशः पाळणारा मांडवात एकच असतो, आणि तो 'निघालेत'चा कर्ता.

६. आगमनविचार

आता प्रत्यक्ष निरीक्षण. स्थळ : सोलापुरातलं एक मंगल कार्यालय. प्रसंग : आमच्या पुतणीचं लग्न. आमदार कोण, हे शास्त्राच्या दृष्टीने गौण आहे, म्हणून नाव देत नाही.

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. १२ वाजून ४० मिनिटांनी गुरुजींनी अंतरपाट धरला आणि आमच्या अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याने 'निघालेत' म्हटलं. १२:४८ ला 'आसरा चौकात आलेत' असं कळलं. हे खोटं होतं, पण त्यात भूगोल आल्यामुळे विश्वास बसला. १२:५५ ला गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. ती त्यांनी इतक्या सावकाश म्हटली की दोन चरणांच्या मधे नवरदेवाने घाम दोनदा पुसला. रुमालाने, टॉवेल सत्काराच्या ताटात होते.

१:०४ ला बाहेर गाड्यांची दारं एकामागून एक वाजली. ध्वनिक्षेपकावरच्या गृहस्थांनी अर्धवट अष्टकावर 'आत्ताच आपल्या सर्वांचे लाडके, कार्यसम्राट' हे शब्द चढवले. आमदार स्टेजवर आले. अक्षता टाकल्या. शाल घेतली, टॉवेल घेतला, दिला. मग अण्णांचा हात हातात धरून ते म्हणाले, "गुडघा कसाय आता? जिना चढू नका म्हणलं होतं ना मी?"

अण्णांच्या गुडघ्याचं दुखणं त्यांना कसं माहीत, याचा उलगडा मी तिथल्या तिथे केला. दोन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या सहायकाचे ओठ नुकतेच मिटत होते. पण अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं.

मग आमदार पंगतीत शिरले. उठू पाहणाऱ्यांना 'बसा बसा' म्हणत, कुणाच्या खांद्यावर हात टाकत, शेवटच्या ओळीतल्या आजीबाईंना वाकून नमस्कार करत ते मागच्या दाराने बाहेर पडले. काही खाल्लं नाही. स्टेजवरचा काळ ३ मिनिटं, पंगतीतला २, एकूण ५.

अण्णा म्हणजे चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावरून याच आमदारांना पाच वर्षं शिव्या मोजणारा माणूस. संध्याकाळी ते चहा पिताना म्हणाले, "काही म्हण, माणूस चांगलाय बे."

रात्री आहेराची वही उघडली. आमच्या घरात ही वही आजोबांपासून चालत आली आहे : नाव, गाव, रक्कम. कुणाकडे किती परत करायचे ते हिच्यावरूनच ठरतं. पाकिटं फोडत, रकमा उतरवत आतेभाऊ आमदारांच्या नावापाशी थांबला. पाकीट नव्हतं. त्याने क्षणभर पेन चावलं आणि रकमेच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'स्वतः आले.'

नमुना २६ चा पहिला रकाना आम्हाला इथे सापडला.

मागची पानं चाळली. वहीत रुपयांच्या शेजारी दुसरं एक चलन किती वर्षांपासून चालू आहे, ते मग दिसलं. त्याच्या नाण्यांची उतरती भाजणी अशी : 'स्वतः आले', 'वहिनी आल्या', 'भावाला पाठवलं', 'पीए आले', आणि शेवटी खोटं नाणं, 'फोन केला'. सुतकाच्या घरी हेच चलन दुपटीने चालतं. लग्नाला आलेला माणूस विसरला जाईल. सावडायला आलेला नाही.

सरकारलाही या चलनाचा अंदाज असावा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी मिळतो, आणि त्यातून सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे आणि सिमेंटची बाकडी उगवतात. बाकड्याच्या पाठीवर आमदारांचं नाव रंगवलेलं असतं. जिथे जाता येत नाही तिथे नाव बसून राहतं. कुणी त्याला टेकून शेंगा खातं, हा वेगळा भाग.

७. सांगोल्याचं प्रमाण

सिद्धान्ताची कसोटी एकाच तालुक्यात लागावी असा योग शास्त्राला क्वचित मिळतो. आम्हाला तो सांगोल्याने दिला.

गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षातर्फे पहिल्यांदा १९६२ साली निवडून आले आणि एकूण ११ वेळा आमदार झाले. जिल्ह्यात मतदारसंघ ११. या माणसाने एकट्या एका मतदारसंघात तेवढ्या निवडणुका जिंकल्या. त्यांच्या साधेपणाची खूण म्हणून सगळा महाराष्ट्र एसटीचं नाव घेतो. आम्हाला त्यात साधेपणाहून वेगळं काही दिसतं. गाडीतल्या आमदाराला भेटायला वेळ घ्यावी लागते. एसटीतल्या आमदाराच्या शेजारच्या सीटवर बसता येतं. पोराचं लग्न कधी, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, हे कंडक्टर तिकीट फाडेपर्यंत बोलून होतं. आबांचा प्रवास हीच हजेरी होती.

त्याच तालुक्यात १९९५ साली त्यांना हरवलं शहाजीबापू पाटलांनी. आबा निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये बापू पुन्हा जिंकले. देशमुखांच्याच घरातल्या उमेदवाराविरुद्ध, ७६८ मतांनी. ७६८ म्हणजे ढोबळमानाने एका बेताच्या लग्नाची पंगत. जिल्ह्यातला एकही पुढारी लग्न का चुकवत नाही, ते या आकड्याने कळावं.

पुढे जून २०२२ मध्ये राज्यातलं सत्तानाट्य रंगलं आणि बापू गुवाहाटीत होते. मतदारसंघातल्या कार्यकर्त्याने फोनवर ख्यालीखुशाली विचारली. उत्तर अख्ख्या राज्याला पाठ झालं : काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. सगळं ओक्केमधी. आमदाराने मतदारसंघाला दिलेल्या वृत्तान्तांत इतका आटोपशीर दुसरा आम्हाला आढळलेला नाही. तीन नामं आहेत, क्रियापद नाही, आकडा नाही. ज्या तालुक्यात पावसाची वाट बघत डाळिंब जगवावं लागतं, तिथल्या माणसाने आधी झाडी बघावी आणि हॉटेल शेवटी, हे आम्हाला अगदी बरोबर वाटतं. लोक हसले ते डोंगाराला. कार्यकर्त्याचा मूळ प्रश्न मात्र सोलापूरच्या प्रत्येक मांडवाच्या दाराशी विचारला जातो तोच होता : कुठं आहात? २०२४ च्या निवडणुकीत सांगोल्याने पुन्हा देशमुखांच्या घरातला आमदार निवडला.

८. पूर्वपक्ष आणि त्याचं अर्धवट खंडन

इथे कुणी आक्षेप घेईल : हजेरी म्हणजे सगळं, तर मग कामाचं काय?

या आक्षेपाचं नाव नरसय्या आडम. लाल बावट्याचे, तीनदा आमदार झालेले मास्तर. त्यांच्या लढ्यातून विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला १० हजार घरं उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाने. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. त्यानंतर रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १९ जानेवारी २०२४ रोजी सोलापुरात येऊन दिल्या. लाल बावट्याच्या एका मागणीसाठी दोन वेगळ्या पक्षांचे पंतप्रधान सोलापूरला आले. त्याच वर्षी मास्तर विधानसभेला उभे राहिले आणि पडले.

इथे आमचं शास्त्र थोडं लंगडतं, हे कबूल. आहेराच्या वहीत घर कुठल्या रकान्यात लिहायचं? रक्कम म्हणावी तर मास्तरांच्या खिशातून आलेली नाही. 'स्वतः आले' म्हणावं तर ते एकदा येऊन गेलेले नाहीत. ते भिंतीत, छपरात, नळाच्या तोटीत येऊन राहिलेले आहेत. आणि जो राहायलाच आला त्याची पाहुणा म्हणून नोंद कोण करतो? त्या घरांतून आता लग्नं निघतात, पत्रिका छापल्या जातात, आणि दाराशी फोन कानाला लावलेला माणूस 'निघालेत' म्हणतो. दुसऱ्याच कुणाबद्दल.

९. उपसंहार

या शहरात वर्षातून एक लग्न असंही होतं की ज्याची पत्रिका निघत नाही. जानेवारीत, संक्रांतीच्या गड्डा यात्रेत, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न लागतं. सात नंदीध्वज शहराभोवतीच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करून येतात. दाट तिथीला आमदारही साधारण एवढेच थांबे घेत असावेत, पण त्यांच्यापुढे हलग्या वाजत नाहीत. मग संमती कट्ट्यावर अक्षता पडतात.

यंदा मी आतेभावाबरोबर गेलो होतो. वही लिहिणारा तोच. तळ्याच्या काठापासून किल्ल्यापर्यंत माणूस माणसाला चिकटलेला, आणि जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या बाराबंद्या. एका पोराने बापाच्या खांद्यावरून विचारलं, "पप्पा, आमदार कोणते ओ?" बापाने बोट उचललं, थोडा वेळ हवेत फिरवलं आणि खाली घेतलं. सगळे पांढरे. दाराशी कुणी उभं नव्हतं, मुळात दारच नव्हतं. मुहूर्त कुणासाठी थांबला नाही. संमती वाचन झालं आणि लाखभर हातांतून एकदम तांदूळ उडाले.

परतताना आतेभाऊ सवयीने म्हणाला, "या लग्नाचा आहेर कोण लिहितंय की."

आम्ही दोघांनीही काही दिलेलं नव्हतं. रकमेचा रकाना निरंक. पण हातावर चार अक्षता चिकटून राहिल्या होत्या. कुणी वही धरलीच असती, तर माझ्या नावापुढेही त्याला तेच दोन शब्द लिहावे लागले असते, फक्त एकवचनात.